डांबऱ्याचं पथ्य

माझा धंदा खानावळीचा. श्रीगोंद्यात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत गेली बावीस वर्षं मी लोकांना जेवायला घालते. बँकेतली पोरं, कारखान्यावरचे ड्रायव्हर, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला पित्त होतं, कुणाला भाकरी करपलेली लागते, सगळं मला तोंडपाठ. आणि घरातल्या एका कुत्र्याला काय घालायचं ते मात्र मला कळलं नाही.

नगरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मावशी, तुम्ही हे लिहून द्या. माझं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील." मी दहावी नापास. बोलते तसंच लिहिणार. गोड लिहायला मला जमत नाही, आणि गोड लिहावं असं काही झालंही नाही.

डांबऱ्याला आमच्या लेकीनं, प्राजूनं आणला, नऊ वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना. कारखान्याच्या रस्त्यावर सापडला म्हणे. ओढणीत गुंडाळलेलं एवढंसं काळंकुट्ट पिल्लू. मी म्हटलं, "हे काय डांबर उचलून आणलंस?" तेच नाव पडलं. प्राजू लग्न होऊन पुण्याला गेली, डांबऱ्या आमच्याकडं राहिला. घरात उरलो मी, हा, आणि आमचे हे. आमचे हे म्हणजे माझे मालक. कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, आता रिटायर होऊन खानावळीच्या गल्ल्यावर बसतात. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत असतील.

दंडवत

मागच्या थंडीत डांबऱ्याला एक सवय लागली. पुढचे पाय पसरायचे, छाती जमिनीला टेकवायची आणि मागचा भाग वर करून तसंच थांबायचं. जेवायला आलेली माणसं हसायची. "मावशी, कुत्रं दंडवत घालतंय बघा तुमच्या रश्श्याला!" एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. मीही हसले. खूश होऊन त्याला मटणाची एक नळी जास्तीची टाकली.

त्याचं पोट दुखत होतं हो. एवढंच होतं ते. पोटात कळ आली की कुत्री तशी बसतात, हे मला नंतर कळलं. पंधरा दिवस त्या जिवाला कळा येत होत्या आणि आम्ही टाळ्या पिटत होतो.

मग उलट्या सुरू झाल्या. पिवळ्या, फेसाच्या. पाणी प्यायला तरी बाहेर. तालुक्याच्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली, तेवढ्यापुरतं थांबलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, नगरला न्या, रक्त तपासा, सोनोग्राफी करा. कुत्र्याची सोनोग्राफी! मला तर प्राजूच्या वेळी कुणी केली नव्हती.

नगरचे डॉक्टर तरुण, चष्मेवाले, शांत. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "याला जेवायला काय घालता?"

मला वाटलं, कुत्रं वाळलंय म्हणून विचारतायत. मी आपली ताठ मानेनं सांगायला लागले. आमची खानावळ आहे डॉक्टर, आम्ही काही कमी पडू देत नाही. सकाळी तुपातली भाकरी. दुपारी चिकनची कातडी, तीच त्याला लई आवडते. संध्याकाळी मटणाची हाडं, वर तर्री. गुरुवारी मटण नसतं, मग दूध-भाकरी, साईसकट.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो, तेल-तूप पचवायचं काम त्याच्याकडं. याचं ते पुन्हापुन्हा सुजलंय. आता पुरतं बरं व्हायचं नाही, पण सांभाळलं तर कुत्रं काही वर्षं नीट जगेल. "औषध थोडंच आहे मावशी. खरं औषध तुमच्या स्वयंपाकघरात आहे."

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले. डांबऱ्या माझ्या पायावर डोकं ठेवून पडला होता. मला रडू आवरेना. दुसऱ्या कुणी मारलं असतं त्याला तर मी त्याचा हात मोडला असता. इथं कुणाचा हात मोडायचा? ह्या हातानंच घातलं होतं सगळं, आणि प्रेमानं घातलं होतं.

वेगळं पातेलं

आता जे कामाचं आहे ते सांगते. तुमच्या कुत्र्याचा आजार वेगळा असेल तर पथ्यही वेगळं असेल. मूत्रपिंडाचं निराळं, साखरेचं निराळं. तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त माझं सांगते.

पहिली गोष्ट, त्याचं पातेलं वेगळं करा. डाव वेगळा, ताटली वेगळी. खानावळीत कुठल्याही भांड्याला हात लावा, तेलकटच लागणार. मी मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली. कातडी आणि चरबी काढलेलं चिकन, बिनमिठाचं, नुसत्या पाण्यात उकडायचं. कांदा-लसूण अजिबात नाही, कुत्र्यांना ते तसंही विषच. ते पाणी फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी वर चरबीची साय धरते, ती काढून फेकायची. पहिल्या दिवशी ती साय बघून मला घाम फुटला. रोज हे मी त्याला पाजत होते.

त्यात मऊ भात, दुधी किंवा लाल भोपळा. दिवसातून चारदा, थोडं थोडं. एकदम पोटभर नाही. वजन करून द्यायचं, अंदाजानं नाही. बाईमाणसाचा अंदाज नेहमी एक घास जास्तच असतो. गोळी पेढ्यात, लोण्यात घालून द्यायची नाही. भाताच्या गोळ्यात द्यायची. डॉक्टरांनी पचनाची एक पावडर दिली होती, ती जेवणात कालवून थोडा वेळ ठेवायची. विकतचं पथ्याचं खाणं पण आणून बघितलं. डांबऱ्यानं ते हुंगलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच ओशाळले.

सगळ्यात अवघड पुढंच आहे. दुपारी बाराला रश्शाला फोडणी बसली की तो पडवीतून नाक वर करायचा. मी एका हातानं चाळीस ताटांना तर्री वाढायची आणि दुसऱ्या हातानं त्याच्यापुढं पांढरा भात ठेवायचा. तो भाताकडं बघायचा, मग माझ्याकडं. काय चुकलं माझं, असं विचारल्यासारखं. मी तोंड फिरवायचे. तुम्हीही फिरवा. त्या नजरेला भुललात की संपलं.

दोन महिन्यांत त्याच्या अंगावर तकाकी आली. प्राजूला व्हिडिओवर दाखवला तर ती म्हणाली, "आई, हा तर पळायला लागला!" तेवढे ते दोन महिने बरे गेले.

शनिवार

मी एक वही केली होती. डाव्या पानावर जेवण, उजव्या पानावर शी, उलटी, ताप. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. उन्हाळा लागला तसं उजवं पान पुन्हा भरायला लागलं. चार दिवस बरा, मग एकदम ओकायचा, कोपऱ्यात जाऊन पडायचा. मी वही उलटी-सुलटी चाळली, तेव्हा लक्षात आलं. त्रास रविवारीच. फार तर सोमवारी.

मग काय, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडं शनिवार म्हणजे काळ्या कुत्र्याची चंगळ. कुणाला साडेसाती, कुणाचं काम अडलेलं, तो भाकरी तेलात बुडवतो आणि काळं कुत्रं शोधत फिरतो. काळं, आणि एकही पांढरा केस नको. आमचा डांबऱ्या नावाप्रमाणे. आधी तर लोक मोटारसायकलवरून यायचे त्याच्यासाठी. मीच कौतुकानं म्हणायचे, आमच्या दारात शनीचं खातं आहे.

पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलं: "हे कुत्रे आजारी आहे. काहीही घालू नये." लोक वाचायचे आणि म्हणायचे, "मावशी, देवाच्या भाकरीनं कुठं आजार होतो व्हय?" मी भांडायचे. एकाच्या हातातली भाकरी हिसकावून गटारात टाकली तर तो शाप देऊन गेला. शनिवारी डांबऱ्याला पडवीत बांधायला लागले. सकाळी हे त्याला मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणायचे, बाकी दिवसभर साखळीला. तरी रविवारी उलटी ठरलेलीच.

म्हणजे कुणीतरी घरातलंच. घरात बाहेरचं असं एकच माणूस यायचं. मंदाबाई. पंधरा वर्षं माझ्याकडं भाकरी थापायला. तिच्या थोरल्याला साडेसाती लागलेली, हे मला माहीत. एका शनिवारी दुपारी डांबऱ्याच्या मिशांना तेल दिसलं. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि भरल्या खानावळीत, गिऱ्हाइकांसमोर, तिला नाही नाही ते बोलले.

"नातवाची आन घेते ताई, म्या न्हाई घातलं."

"मग तेल आभाळातून पडलं व्हय गं?"

"चुलीच्या इस्तवासंगं पंधरा वर्सं काम केलं तुमच्याकडं. येकदा बी वाटीभर पीठ न्हेलं न्हाई."

"पिठाचं कोण विचारतंय? माझ्या कुत्र्याचा जीव घेशील तू."

तिनं परातीतलं पीठ तसंच ठेवलं, हात धुतले, पदर नीट केला आणि गेली. हे गल्ल्यावर होते. मान खाली घालून बसले होते. यांच्या न बोलण्याची मला सवयच आहे.

आर्धी भाकरी

पुढच्या शनिवारी मंदाबाई नव्हती, तरी रविवारी पहाटे डांबऱ्याच्या उलटीत रक्त आलं. उभं राहता येईना. पोटाला हात लावला तर तो विव्हळला. तोवर कधी विव्हळला नव्हता. ओळखीच्या ड्रायव्हरला उठवलं आणि गाडीत मागं त्याला मांडीवर घेऊन नगर गाठलं. रस्ताभर मी मंदाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. चोरून येऊन घालून गेली असणार, म्हणत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं यानं? खरं सांगा, त्यावर पुढचं ठरतं."

मी वही उघडून वाचायला लागले. भात इतका, चिकन इतकं, दुधी...

"भाकरी," हे मागून म्हणाले. "आर्धी. तेलात भिजवल्याली. वर गूळ हुता."

मी वळून बघितलं. हे माझ्याकडं न बघता डॉक्टरांकडं बघत होते.

"कधीपासून देताय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कालचा आठवा शनवार."

डॉक्टरांनी डांबऱ्याला आत घेतलं, सलाईन लावलं. आम्ही बाहेर त्याच बाकड्यावर. मी म्हटलं, "का?"

हे म्हणाले, "प्राजूनं सांगितलं."

आमच्या प्राजूला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात गेलं. हे तिसऱ्यांदा होतं. इंजिनियर पोरगी, मोठ्या कंपनीत कामाला, लहानपणी आम्ही उंबऱ्यावर बसू नको म्हटलं तर का म्हणून भांडायची. तिनं बापाला फोन केला होता, रडत. कुणा मैत्रिणीच्या ओळखीच्या ज्योतिषानं सांगितलं होतं. घरचं काळं कुत्रं, अकरा शनिवार, तेलातली भाकरी, मुलीच्या बापाच्या हातून. खंड पडता कामा नये. आणि आईला सांगू नका, ती ओरडेल.

"तिला माहीत होतं ना तो आजारी आहे?"

"तिनं इचारलं हुतं. बाबा, त्याला काय व्हनार न्हाई ना? म्या म्हनलो, आर्ध्या भाकरीनं काय हुतंय."

आर्ध्या भाकरीनं काय होतंय! लोकहो, हे एक वाक्य पाठ करा. पथ्याच्या घरात सगळा घात ह्या वाक्यानं होतो. एवढ्याशानं काय होतंय, आज सणाचा दिवस आहे, एक घास दिला तर काय बिघडलं. निरोगी कुत्र्याला काही बिघडत नाही. ज्याचं आतून सुजलेलं आहे, त्याला तोच घास पुरतो.

मला यांचा इतका संताप आला की बाकड्यावर शेजारी बसवेना. आणि त्यातलं वाईट हे की भाकरी माझ्याच दुरडीतली होती. मला चोरून काढलेली.

चार दिवस

डांबऱ्या चार दिवस तिथं होता. सकाळी नऊ ते दुपारी एक भेटायला सोडायचे. मी खानावळ बंद ठेवली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या पायाला सलाईनची पट्टी, गळ्यात प्लास्टिकचा घेर, त्यातून एवढंसं तोंड. शेजारच्या पिंजऱ्यात एक म्हातारं मांजर होतं. त्याची मालकीण, एक मुसलमान बाई, रोज तिच्या डब्यातली चपाती मला द्यायची. "तुम्ही खा आधी," म्हणायची. तिथला कंपाउंडर मला बसायला पाट आणून द्यायचा. अशा वेळी माणूस पाटाचेही उपकार मानतो.

हे रोज सोबत यायचे आणि आत यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "चला, बघा त्याला." डांबऱ्यानं यांना बघून शेपूट हलवलं. दोनदा, जमिनीवर टप टप. हे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी यांना रडताना तेव्हा बघितलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बरा झाला म्हणून नाही. माझ्या हातून त्यानं दोन चमचे पेज घेतली, बोट चाटलं. घरी एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी, समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, पडवीत त्यानं जीव सोडला. दिरांच्या शेतात उसाच्या बांधाला पुरला. यांनीच खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही.

मी त्या रात्री उपाशी झोपले आणि मला विचार पडला तो सांगते, कारण खरं लिहायचं ठरवलंय. प्राजूनं बापाऐवजी मला फोन करून रडून मागितलं असतं, तर? मी ओरडले असते, हे नक्की. पण नंतर? पोटची पोर एकीकडं आणि अर्धी भाकरी एकीकडं. मला उत्तर माहीत आहे, म्हणून यांना मी फार बोलले नाही.

उरलेलं

मंदाबाईच्या घरी गेले. दारातच म्हटलं, "चुकले मी. घरातल्यांनीच घातलं होतं." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्या नातवाची आन बी तुमाला खरी वाटली न्हाई ताई." पुढच्या आठवड्यापासून ती कामावर येते. भाकरी तशीच गोल, तशीच पातळ. पण आधी ती थापताना बडबडायची, आता बडबडत नाही. ते काही परत यायचं नाही.

पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काही मागितलं नाही. मी दुरडीतली भाकरी घेतली, वाटीतल्या तेलात बुडवली, गूळ ठेवला, कागदात बांधली. म्हटलं, "स्टँडवर एक काळं आहे. पण आधी नीट बघा. ओकत असेल, खंगलेलं असेल, तर त्याला घालू नका. दुसरं शोधा." यांनी मान हलवली. असे तीन शनिवार मीच बांधून दिले. मला कुणी काय म्हणायचं ते म्हणा.

प्राजूला आता नववा लागलाय. बाळ नीट आहे. तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय, मनाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका, ब्लडप्रेशर वर जातं. म्हणून ती मोकळी होईपर्यंत हे लिखाण कुणाला दाखवायचं नाही, असं मी नगरच्या डॉक्टरांना बजावलंय.

ती रोज संध्याकाळी फोन करते. भाकरीचं मला कळलंय एवढंच यांनी तिला सांगितलंय, पुढचं नाही. मध्ये एकदा बापाला विचारलं, शनिवार पूर्ण झाले का. "झाले की गं," हे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मला रोज विचारते, आज काय खाल्लं त्यानं? मी सांगते. सकाळी भात आणि चिकन, दुपारी दुधी, संध्याकाळी पेज. वजन करून दिलं, हेही सांगते. वहीत लिहिल्यासारखं, रोज थोडं वेगळं, म्हणजे तिला संशय यायला नको.

काल म्हणाली, "आई, मी त्याच्याशी फार वाईट वागले गं. बाळ झालं की येते आणि त्याची माफी मागते. व्हिडिओवर दाखव ना एकदा."

मी म्हटलं, "आत्ताच जेवून झोपलाय बघ."

"बरं, मग उठवू नकोस," ती म्हणाली. "झोपू दे त्याला."

हे गल्ल्यावरून उठले आणि बाहेर गेले. मी म्हटलं, "हो. झोपू दे."